वळणातला एक ठिपका

मामांच्या बसमध्ये उभ्या माणसाला आधाराची दांडी धरावी लागत नसे, असं डेपोत सगळे सांगायचे. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. पुढच्या बाकावर बसून उकडलेलं अंडं सोलणारा एक रोजचा प्रवासी होता. त्याचं अंडं मामांच्या गाडीत कधी हातातून निसटलं नाही आणि दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत ते एकदा थेट कंडक्टरच्या बॅगेत जाऊन पडलं, ही मात्र खरी घडलेली गोष्ट. त्यामुळे मामांना डेपोत नाव पडलं मखमल. "आज बारा नंबरवर कोण?" असं विचारलं आणि "मखमल" असं उत्तर आलं, की कंडक्टरांमध्ये त्या फेरीसाठी ओढाओढ व्हायची.

हे नाव मामींच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रस्त्यावर मखमल आणि घरी गोणपाट. चालायचंच."

मामांचं तत्त्व एकच होतं. वळणात शिरल्यावर वळणारा ड्रायव्हर कच्चा; वळण यायच्या आधीच ज्याच्या हाताला ते कळतं तो पक्का. स्टिअरिंग किती फिरवायचं यापेक्षा ते कधी सोडून द्यायचं हे ज्याला समजलं, त्याला गाडी समजली. नवीन ड्रायव्हरांना ते हे तत्त्व इतक्या वेळा ऐकवत की मामा येताना दिसले की पोरं चहाचे कप टाकून पळायची.

बारा नंबरच्या वाटेवर एक फार देखणं वळण होतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राची लांबच लांब दगडी भिंत आणि तिला वळसा घालून वर चढत जाणारा रस्ता. एक थांबा वळणाच्या खाली, पुढचा थेट चढाच्या माथ्यावर. भिंतीला लागून मधोमध एक रोपवाटिका होती. तिथे कलमं बांधणाऱ्या एक बाई होत्या. एक पाय लहानपणापासून अधू, हातात काठी, आणि तोंड असं की काठीची गरज फक्त चालायला लागावी. काम सुटल्यावर बाई तो सगळा चढ काठी टेकत चढायच्या. मामांनी एकदा आरशात त्यांना पाहिलं. दुसऱ्या दिवशी वळणाच्या ऐन पोटात, जिथे थांबा नव्हता तिथे, त्यांनी गाडी उभी केली.

मग रोजच उभी करू लागले. बाईंच्या मागोमाग रोपवाटिकेतली बाकीची माणसंही चढू लागली. कुणीतरी ऑफिसात चुगली केली आणि मामांना लेखी विचारणा आली, विनाकारण गाडी उभी केल्याचा खुलासा करावा. मामांनी खुलासा केला, "कारण होते." एवढंच. हा खुलासा डेपोत बरेच दिवस गाजला. ऑफिसलाही बहुधा हसू आलं असावं, कारण काही महिन्यांनी तिथे एक खांब रोवला गेला. विनंती थांबा. म्हणजे कुणी हात दाखवला तर गाडी थांबायची, नाही दाखवला तर पुढे जायची. खांबावर नाव काही नव्हतं, पण खांब होता. बाईंनी त्या दिवशी खिडकीतून लिंबाचं एक कलम मामांच्या मांडीवर ठेवलं. ते आजही मामांच्या गॅलरीत आहे. त्याला लिंबं कमी आणि काटे जास्त लागतात, आणि याबद्दल मामी त्या न पाहिलेल्या बाईंना अधूनमधून बोल लावत असतात.

पुढे क्लच दाबून दाबून मामांच्या डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला. गुडघ्याचा मंजूर झाला म्हटल्यावर मामांनाही द्यावा लागला. घरी बसलेला ड्रायव्हर फार वाईट. मामी पोळ्या लाटत असल्या तरी मागे उभं राहून "कडेला जरा आधी वळव" म्हणणार. पंधरवडाभर हे चाललं. मग मामींनी एक दिवस डबा भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या भाचीचं दुकान आहे ना बाजारात? जा, तिथे बसा. कुणाला तरी वळवा."

भाचीचं दुकान म्हणजे पाट्यांचं आणि स्टिकरचं. पुढे काउंटर, मागे एक कॉम्प्युटर, आणि भिंतीला लागून कापायचं मशीन. त्या मशीनमध्ये रंगीत चिकट प्लास्टिकचा गुंडाळा लावायचा, कॉम्प्युटरवर आकार काढायचा, की मशीनचं बारीक पातं तो आकार कापून देतं. मग चिमट्याने नको तो भाग सोलून काढायचा आणि उरलेला आकार काचेवर किंवा पाटीवर पट्टीने दाबत चिकटवायचा. दुकानांची नावं, गाड्यांवरची अक्षरं, दवाखान्यांचे बाण, "ढकला" आणि "ओढा" हे सगळं भाचीच करायची. भाची हुशार आणि घाईची. मामा तिला मालकीणबाई म्हणायचे.

पहिले काही दिवस मामा स्टुलावर बसून नुसतं बघत राहिले. एका लाँड्रीवाल्याला पाटीवर हंस हवा होता. भाचीने एका चित्रावरून कॉम्प्युटरकडूनच आपोआप रेघ काढून घेतली. मशीन सुरू झालं. पातं हंसाच्या मानेपाशी आलं आणि कट्‌ कट्‌ कट्‌ करत अडखळायला लागलं. कापून आलेली मान हंसाची कमी आणि करवतीची जास्त वाटत होती.

"हे असं का झालं?" मामांनी विचारलं.

भाचीने चित्र मोठं करून दाखवलं. मानेच्या रेघेवर बारीक बारीक चौकोनी ठिपके होते, मुंग्यांची रांग लागावी तसे. "हे नोड, मामा. रेघ या नोडवरून त्या नोडवर जाते. आपोआप काढलं की कॉम्प्युटर वाट्टेल तिथे नोड टाकतो. प्रत्येक नोडवर पातं दचकतं."

"म्हणजे थांबे जास्त झालेत," मामा म्हणाले.

भाची हसली. पण तिने एक ठिपका निवडून दाखवला. त्याला दोन्ही बाजूंना दोन बारीक दांड्या फुटल्या. दांडी ओढली की रेघ त्या बाजूला झुकायची, लांब ओढली की वळण लांबून घ्यायची, आखूड केली की झटकन वळायची. मामा स्टुलावरून उठले. हे त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती. त्यांनी विचारलं, "मी एकदा धरू का?" आणि माऊस असा धरला की भाचीला वाटलं आता हे हॉर्न वाजवतात.

मानेवरचे ठिपके त्यांनी एकामागून एक उडवले. उरले ते मोजके, एक मान जिथे सुरू होते तिथे, एक जिथे सगळ्यात जास्त बाहेर येते तिथे, एक जिथे परत आत वळते तिथे. मग दांड्या धरून सावकाश सरळ केल्या. रेघ सुटली ती पाण्यासारखी. पातं न अडखळता फिरलं आणि हंसाला मान मिळाली. लाँड्रीवाला म्हणाला, "ऐटीत दिसतोय." मामा घरी गेले आणि मामींना म्हणाले, "मला काम लागलं." मामींनी लिंबाच्या झाडाला जास्तीचं पाणी घातलं.

त्यानंतर बाजारातल्या कितीतरी काचांवर मामांची वळणं दिसू लागली. केशकर्तनालयाची कात्री, बेकरीतला वाफाळता पाव, चष्मेवाल्याचा चष्मा. भाची म्हणायची, "मामा, लोक नोड टाकायला शिकतात. तुम्ही काढायला शिकलात." मामांना हे वाक्य फार आवडलं होतं. ते रोज काहीतरी निमित्त काढून तिच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचे. नोड दिसला आणि तो नसता तरी चाललं असतं असं वाटलं, की त्यांची करंगळी आपोआप डिलीटकडे जायची. सवय चांगली होती. चांगल्या सवयीच माणसाला खड्ड्यात घालतात, कारण वाईट सवयींवर निदान आपलं लक्ष असतं.

एक दिवस बस ऑफिसचं काम आलं. गाड्यांच्या दारावर मार्गाच्या नकाशांच्या पट्ट्या लावायच्या होत्या. आतापर्यंत असायच्या तशा सरळ रेघा नकोत, असं वाहतूक विभागाच्या मॅडमचं म्हणणं होतं. रस्ता जसा वळतो तशी रेघ वळावी, म्हणजे प्रवाशाला खिडकीबाहेर बघून आपण कुठे आलो ते कळेल. मामांना मॅडम न भेटताच आवडल्या. आणि मार्गांच्या यादीत सगळ्यात वर बारा नंबर होता. भाचीने ती फाइल मामांसमोर उघडली आणि म्हणाली, "हा तुम्हीच करायचा."

काम असं होतं. रस्त्याच्या चित्रावरून रेघ काढायची आणि प्रत्येक थांब्यावर एक नोड टाकायचा. भाचीने अशी सोय करून ठेवली होती की जिथे नोड तिथे आपोआप एक गोल उमटायचा. निळ्या पट्टीत तेवढं भोक कापलं जायचं आणि खालचं पांढरं प्लास्टिक ठिपक्यासारखं दिसायचं. गोलांसमोर थांब्यांची नावं मागाहून भाची टाकणार होती.

मामा दोन दिवस त्या रेघेवरून गाडी चालवत होते असंच म्हणा. बाजारातून निघाले, पुलावर चढले, पुलावरून उतरताना नकळत पाय ब्रेकसाठी हलला. प्रत्येक थांब्यावर नोड टाकला. पाणीकेंद्राच्या वळणावर आले आणि त्यांना रेघ आवडेना. विनंती थांब्याशी गाडी जरा कडेला सरकून उभी राहायची. तिथे नोड टाकला की वळणाच्या पोटाला पोचा आल्यासारखा दिसे. दांड्या ओढून पाहिल्या. पोचा इकडचा तिकडे गेला, पण राहिला. आयुष्यभर ज्या वळणावर मखमल म्हणून मिरवलं, त्याच वळणावर रेघ अडखळत होती. करंगळी डिलीटवर गेली. रेघेने सुस्कारा टाकावा तशी ती सरळ झाली आणि अख्खं वळण एका दमात भिंतीला वळसा घालून माथ्यावर पोचलं.

मामा खुर्चीत मागे रेलले. "मालकीणबाई, इकडे बघ."

"वा मामा," भाची म्हणाली. "लोणी आहे हो हे!"

नावं टाकताना भाचीने ऑफिसच्या यादीतून नावं घेतली. विनंती थांब्यांना नावं नव्हतीच, त्यामुळे एक गोल कमी आहे हे तिला कळायचं कारण नव्हतं. आणि मामांना? गाडीत बसलेला माणूस रस्ता बघतो, वाट बघणारी माणसं बघतो. पडद्यासमोर बसलेला माणूस नुसती रेघ बघतो. मामांनी रेघ बघितली. ज्या थांब्यासाठी त्यांनी खुलासा दिला होता, तो त्यांनी स्वतःच्या करंगळीने पुसला आणि वर भाचीकडून शाबासकी घेतली.

पट्ट्या गाड्यांवर लागल्या. मामा हौसेने एका संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बारा नंबरमध्ये बसले. त्यांना आपली रेघ लोक वाचताना बघायची होती. एक कॉलेजातली मुलगी मैत्रिणीला बोटाने दाखवत होती, "आता पूल, मग पाणीकेंद्र." मामांची छाती फुगली. त्यांनी मुद्दाम घसा खाकरला, पण मुलींनी काही विचारलं नाही. ड्रायव्हर नवा होता, नुकतीच सगळ्यांची मार्गबदली झाली होती. पण हात बरा होता. पाणीकेंद्र जवळ आलं तेव्हा मामांनी डोळे मिटले. वळण आलं, गाडी अलगद वळायला लागली, छान चालली होती, आणि फार जास्त छान चालली होती. मामांनी डोळे उघडले.

खिडकीतून खांब मागे जाताना दिसला. खांबापाशी चार-सहा माणसं आणि त्यांच्यापुढे हवेत उंच धरलेली एक काठी.

"अहो थांबवा! विनंती आहे तिथे!" मामा ओरडले.

"बंद झाला तो, काका," कंडक्टर म्हणाला. "चार दिवस झाले. नकाशात नाहीच आहे, बघा ना."

मामांनी मान वर करून पाहिलं. निळं वळण लोण्यासारखं चकाकत होतं. त्यात एकही ठिपका नव्हता.

माथ्यावरच्या थांब्यावर ते उतरले आणि दुखऱ्या गुडघ्याने चढ उतरायला लागले. खालून बाई काठी टेकत चढत येत होत्या. भिंतीच्या मध्यावर दोघं समोरासमोर आली. बाईंचे केस पांढरे झाले होते, तोंड मात्र होतं तसंच होतं.

"काय ड्रायव्हर, तुम्हालाही सोडून गेली का?"

"नाही बाई. मी त्याच गाडीत होतो."

"मग उतरलात कशाला? बसून जायचं सुखाने."

मामांनी सगळं सांगितलं. नोड काय, गोल काय, करंगळी काय. बाईंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मुद्दा बरोबर कळला. "म्हणजे माझा थांबा तुम्ही पुसलात."

"हो."

"का म्हणून?"

"वळण सुंदर दिसत होतं."

बाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आणायचा तुम्ही, न्यायचा तुम्ही! बरं, हसून झालं. पण हसल्याने चढ काही कमी होत नाही. माझं सोडा, मला सवय आहे. त्या मुलींना रोपांचे ट्रे डोक्यावर घेऊन चढावं लागतंय. परत आणा तो."

"आणतो," मामा म्हणाले. त्यांना भयंकर लाज वाटत होती, आणि बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असंही वाटत होतं.

भाचीने ऐकलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. ऑफिसचं पहिलंच मोठं काम होतं. "आपण सांगू, मशीनने खाल्ला गोल. होतं असं कधी कधी."

"मशीनला कशाला मध्ये घेतेस? ते बिचारं सांगितलं तेवढं कापतं. मी काढला, मी सांगणार."

दुसऱ्या दिवशी दोघं मॅडमसमोर बसली. मॅडम चाळिशीच्या, टेबलावर फायलींची चळत, शेजारी अर्धं खाल्लेलं सँडविच. मामांचं म्हणणं ऐकून त्यांनी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी पाहिलं आणि म्हणाल्या, "मामा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खरं तर बरंच झालं. त्या वळणावर बस उभी राहिली की मागे रांग लागते, आणि तक्रारी येतात त्या माझ्याकडे. हा थांबा काढायचं आमच्या मनात होतंच. आणि हे बघा, त्या थांब्यावरून कुणी चढतच नाही. शून्य."

मामांच्या डोळ्यांसमोर काठी दिसत होती आणि पडद्यावर शून्य दिसत होतं. त्यांना वाटलं, आपण नकाशातून काढलेला ठिपका आता जमिनीतूनही उपटला जाणार.

"मॅडम, एक विचारू?" भाची म्हणाली. "ज्या थांब्याला नावच नाही, त्याचं तिकीट कंडक्टर कुठून फाडतो?"

मॅडमनी पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. "मागच्या थांब्यावरून." मग स्वतःशीच हसल्या. "म्हणजे तिथे शंभर माणसं चढली तरी माझ्याकडे शून्यच येणार की. ठीक आहे. पण मागची रांग तर खरी आहे ना? उद्या रोपवाटिका सुटायच्या वेळी मी स्वतः येते. माणसं दिसली तर थांबा राहील. नाही दिसली तर खांब काढायला सांगते, मग मला काही म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी मामा ठरल्या वेळेच्या बरेच आधी खांबापाशी जाऊन उभे राहिले. भाची आली, मॅडम आल्या. रोपवाटिका सुटल्याची घंटा ऐकू आली. आणि थांब्यावर कुणीही आलं नाही. बारा नंबर आली, वळली, निघून गेली. मॅडमनी खांबाकडे पाहिलं, मग मामांकडे. त्यांचं बघणं दयाळू होतं, आणि तेच मामांना सहन होईना.

मग मामांचं लक्ष चढाकडे गेलं. रोपवाटिकेच्या वरच्या फाटकातून निघालेली माणसांची एक रांग भिंतीच्या कडेने वर चालली होती. डोक्यावर ट्रे, ट्रेमध्ये हिरवे शेंडे हलताहेत, आणि सगळ्यात मागे काठी. बस थांबत नाही म्हटल्यावर त्यांनी वाट बघणंच सोडून दिलं होतं.

"मॅडम, ते बघा," मामा म्हणाले. "माझी माणसं. थांबा नाही म्हणून थांबत नाहीत."

मॅडमनी पर्स खांद्याला अडकवली आणि झपझप चढायला लागल्या. ऑफिसच्या उंच टाचांच्या चपला होत्या. निम्म्यावर त्यांनी बाईंना गाठलं. मामा आणि भाची मागून पोचेपर्यंत गप्पा सुरू झाल्या होत्या.

"तुम्ही कुठल्या?" बाई विचारत होत्या.

"बसच्या ऑफिसातून आले."

"बसच्या ऑफिसातल्या, आणि पायी?" बाईंनी कौतुकाने त्यांच्या चपलांकडे पाहिलं. "चला मग माझ्याबरोबर. मी हळू चालते, पण बोलते भरपूर."

माथ्यावर पोचेपर्यंत बाईंनी मॅडमना कलम कसं बांधतात, लिंबाला कीड का लागते आणि कुठल्या माळ्याचं कुणाशी पटत नाही, हे सगळं सांगून टाकलं. मॅडम वरच्या थांब्याच्या बाकावर मटकन बसल्या. चेहरा लालबुंद, एक चप्पल हातात. दम खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "नाव काय द्यायचं?"

"कशाला?" बाईंनी विचारलं.

"थांब्याला. नाव असलं की तिकीट फाटेल, तिकीट फाटलं की माझ्याकडे आकडा येईल. आणि गाडी रस्त्यात उभी राहू नये म्हणून कडेला थोडी जागा करून घेऊ. मग कुणाची तक्रार नको."

ट्रेवाल्या मुलींपैकी एक म्हणाली, "मखमल थांबा म्हणा ना." मामा दचकलेच. "माझं नाव अजिबात नको," ते म्हणाले. "पुसणाऱ्याचं नाव थांब्याला देतात का कुठे?" शेवटी साधं रोपवाटिका ठरलं. बाई म्हणाल्या, "हे बरंय. मी गेले तरी रोपं राहतील."

नव्या पट्ट्या तयार होईपर्यंत काहीतरी करायला हवं होतं. भाचीने मशीनवर पांढऱ्या गोल टिकल्या कापून दिल्या आणि मामा दुपारी डेपोत जाऊन उभ्या असलेल्या प्रत्येक बारा नंबरमध्ये चढले. निळ्या वळणाच्या पोटात, बरोबर जागेवर, एकेक टिकली अंगठ्याने दाबून बसवली. जुने ओळखीचे ड्रायव्हर विचारायचे, "काय मखमल, गाड्यांना दृष्ट लागू नये म्हणून का?" मामा म्हणायचे, "गाडीला नाही रे, मलाच लागली होती." आणि नवीन ड्रायव्हर दिसला की त्याला तिथे थांबायचं कसं हेही समजावून सांगायचे. पोरं पुन्हा चहाचे कप टाकून पळायला लागली.

मग नवी फाइल करायला बसले. वळणावरच्या रेघेवर दोनदा टिचकी मारली आणि नोड आला, त्याच्यावर गोल आला. इतकं सोपं होतं. वळणाच्या पोटाला पुन्हा पोचा आला. मामांनी दांड्या धरल्या. एक जरा लांब केली, एक आखूड. रेघ खालून झोकात यायची, गोलापाशी किंचित सपाट व्हायची आणि मग पुन्हा वळण धरायची. याहून गुळगुळीत करता आली असती. मामांनी माऊस सोडून दिला आणि चहा मागवला. बऱ्याच दिवसांनी त्यांना चहा चांगला लागला.

मॅडम शेवटची नजर टाकायला दुकानात आल्या. या वेळी सपाट चपला घालून आल्या होत्या. मामांच्या मागे उभं राहून त्यांनी बाजारापासून माथ्यापर्यंत रेघ पाहिली, नावं वाचली, रोपवाटिका हे नाव दोनदा वाचलं.

"झकास झालंय," त्या म्हणाल्या. "फक्त इथे वळणात रेघ जरा अडखळल्यासारखी वाटते. बाकी सगळी कशी वाहतेय! दांडी जरा ओढलीत तर गुळगुळीत होईल ना?"

भाचीने मामांकडे पाहिलं. रेघ अडखळते असं कुणी मामांच्या तोंडावर म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

"होईल की," मामा म्हणाले.

"मग?"

"तिथे गाडी थांबते, मॅडम."

मॅडमनी पर्समधून पेन काढलं आणि नमुन्यावर सही केली. भाचीने मशीन सुरू केलं. निळ्या गुंडाळ्यावरून पातं सरसरत निघालं, पूल ओलांडला, वळणाला लागलं, मध्येच एका जागी किंचित थबकलं, आपला गोल पुरा केला आणि मग चढ चढून गेलं.